सोनशीचं माहेर

सोनशी बाळंतपणाला माहेरी जाते, असं लोहिणी नदीच्या काठी तिन्ही देशांत म्हणतात. सोनशी म्हणजे मासळी. महसीरच्या जातकुळीतली, सोनेरी खवल्यांची, हातभर लांब. जन्मते ती वरच्या देशातल्या डोंगरी ओढ्यांत, वाढते खालच्या देशातल्या रुंद, संथ पात्रात, आणि पोटात अंडी धरली की भारतातला सगळा टप्पा प्रवाहाच्या उलट पोहून आपल्या जन्माच्या ओढ्याला परत येते. दुसऱ्या कुठल्या ओढ्याला नाही. त्याच.

हे तिला कसं जमतं, यात डॉक्टर चारुशीला कुबल यांचं अर्धं आयुष्य गेलं होतं. उत्तर नाकात होतं. प्रत्येक ओढ्याच्या पाण्यात तिथल्या शेवाळाचे, कुजलेल्या पानांचे, मातीतल्या जिवाणूंचे सूक्ष्म अंश उतरलेले असतात. अमिनो आम्लं, क्षार, आणखी कायकाय. हे मिश्रण दोन ओढ्यांचं कधी सारखं नसतं, जसा दोन घरांचा मसाला सारखा नसतो. पिल्लू अंड्यातून बाहेर पडतं त्या कोवळ्या दिवसांत तो वास त्याच्या मेंदूत कायमचा ठसतो. पुढे कित्येक वर्षांनी, शेकडो कोस खाली, त्या वासाचा एखादा अंश पाण्यातून आला तरी सोनशी तोंड वळवते.

मग लोहिणीवर, वरच्या देशाच्या आणि भारताच्या सीमेवर, विजेसाठी धरण झालं. धरणाच्या कुशीत माशांसाठी पायऱ्यापायऱ्यांचा जिना बांधला होता. पण जिना चढून आलेली सोनशी वरच्या जलाशयात हरवायची. साठलेल्या पाण्याला ओघ नाही, ओघ नाही म्हणून वास नाही. तेव्हा चारुशीलाने गंधकुपी बनवली. पाण्याचा वास वाचायचा, तो जसाच्या तसा घडवायचा आणि थेंबाथेंबाने सोडायचा. जलाशयात थोड्या थोड्या अंतरावर अशा कुप्या तरंगत्या ठेवल्या, तर जिन्याच्या माथ्यापासून जिवंत ओढ्यापर्यंत वासाची वाट आखता येणार होती. तिन्ही देशांच्या लोहिणी आयोगाने टाळ्या वाजवून ही योजना मंजूर केली.

त्या कुपीचं पुढे काय केलं गेलं, हे चारुशीला आज पहिल्यांदा स्वतःच्या डोळ्यांनी बघत होती.

"बघा मॅडम! तुमच्या लेकी!" सारंग देवस्थळीने हात पसरून दाखवलं.

सारंग एकेकाळचा तिचा विद्यार्थी. आता वीज कंपनीच्या पर्यावरण विभागाचा प्रमुख. अंगाने सुटला होता, पण हसू तेच, परीक्षेला उशिरा येणाऱ्या मुलाचं.

धरणाच्या पायथ्याशी, मुख्य प्रवाहाला फुटलेला सिमेंटचा लांबलचक कालवा होता. तळाशी गोटे अंथरले होते. पाटीवर तीन भाषांत लिहिलं होतं, 'प्रजनन वाहिनी'. त्यात सोनशी होत्या. एकीच्या अंगावर एक, इतक्या की पाण्याला सोनेरी साय धरल्यासारखी दिसत होती. कालव्याच्या तोंडाशी एक आकडायंत्र लुकलुकत होतं आणि आत शिरणाऱ्या प्रत्येक मासळीगणिक पुढे सरकत होतं.

"आणि जिना?" चारुशीलाने विचारलं.

"जिना आहे ना."

"पाणी आहे का त्यात?"

सारंग हसला. "मॅडम, जिन्यातून जाणारं पाणी म्हणजे टर्बाइनवर न पडलेलं पाणी. मासे इथेच खूश असतील तर त्यांना एवढं चढवायचं कशाला? माहेरच खाली आणून ठेवलं की झालं! तुमच्याच कुपीने. आयोगाचे तिन्ही प्रतिनिधी परवा येतायत. करारात अट एकच आहे, सोनशी परत आल्या पाहिजेत. आल्यात. तुम्ही तसा अभिप्राय दिलात की जिन्याला पाणी देण्याचं कलम कायमचं निघेल."

"कायमचं?"

"कायमचं," सारंग समाधानाने म्हणाला.

चारुशीलाचा आवाज कधी चढत नसे. सकाळी स्नान करून तुळशीला पाणी घातल्याशिवाय ती चहाला तोंड लावत नसे, आणि प्रवासात तुळस नसली तर पेल्यात पान ठेवून नेम करी. ज्यांना तिचं हे माहीत होतं त्यांना वाटे, बाई शांत आहे. ती शांत नव्हती. राग आला की ती फक्त अधिक हळू बोलायची.

"अंडी कुठे आहेत, सारंग?" तिने हळू विचारलं.

"अंडी असतीलच की."

तिने चपला काढल्या, साडीचा काठ वर खोचला आणि कालव्याच्या काठच्या गोट्यांवर उतरली. वरचे गोटे कोरडे होते. त्यांच्या फटींत पिवळट दाणे होते, वाळलेल्या साबुदाण्यासारखे. तिने चिमटीत धरले तर त्यांचा भुगा झाला. पलीकडच्या काठावर कावळे निवांत टिपत बसले होते. त्यांची रोजची पंगत असावी.

तिला सगळं लख्ख समजलं. संध्याकाळी भारतातल्या शहरांत दिवे लागतात, टर्बाइनं पूर्ण जोराने फिरतात, कालव्याचं पाणी चढतं. सोनशी वरच्या गोट्यांवर अंडी घालते. शहरं झोपली की टर्बाइनं मंदावतात, पाणी उतरतं, आणि दुसऱ्या दिवशीचं ऊन अंडी भाजून काढतं. रोज. सगळा हंगाम.

"आकडायंत्र आलेल्या आया मोजतं," ती म्हणाली. "जगलेली पिल्लं कोण मोजतं?"

"मॅडम, करारात पिल्लं हा शब्दच नाहीये," सारंग म्हणाला. त्याला खरोखरच वाटत होतं की हे उत्तर आहे.

संध्याकाळी ती विश्रामगृहात टेकते न टेकते तोच सावनीचा फोन आला. सावनी म्हणजे चारुशीलाची एकुलती एक मुलगी. ठाण्याला दिलेली, आठवा महिना संपत आलेला.

"आई, तू मालवणला कधी पोचतेस ते सांग. तिकिटं काढायचीयत."

"इथलं परवा आटपलं की..."

"मागच्या वेळी पण परवाच होतं."

"सावनी, इथे फार वाईट चाललंय गं. माझंच यंत्र..."

"मला माहितीये, तुझ्या मासळ्या अडल्यात," सावनी म्हणाली. "मी पण अडलेच आहे, आई. घराला कुलूप आणि किल्ली तुझ्या पर्समध्ये. डोहाळजेवणात माझी ओटी भरताना म्हणालीस, दार उघडून वाट बघत उभी राहीन. सासूबाई म्हणतायत इथेच राहा. राहीनही. पण बाई अशा वेळी कुठे जाते, हे सगळ्या जगाला शिकवणाऱ्या माझ्या आईला एवढं कळू नये? कर बाई, माशांची बाळंतपणं कर तू!"

फोन बंद झाला. मुलगी चुकीचं काही बोलली नव्हती, याचाच चारुशीलाला जास्त त्रास झाला.

दुसऱ्या दिवशी उजाडताच तिने पेल्यात तुळशीचं पान ठेवलं, हात जोडले आणि थेट कालव्याच्या तोंडाशी गेली. गंधकुपीची पेटी तिथे भिंतीत बसवली होती. झाकण उघडलं तर थेंब पडायच्या तोटीला कोळ्याने जाळं विणलं होतं. जाळं जुनं होतं, धुळीने जड झालेलं. आतली टाकी ठणठणीत कोरडी.

तिने सारंगला तिथेच बोलावून घेतलं.

"अहो, द्रावण परदेशातून येतं, महाग पडतं," तो डोकं खाजवत म्हणाला. "गेल्या हंगामापासून बंदच केलं. पण मासे येतायत ना! एकदा सवय लागली की येतातच."

"सोनशी आयुष्यात एकदाच अंडी घालायला येते. या वर्षी आलेल्या याआधी कधी आल्याच नव्हत्या. सवय कुणाला लागली?"

सारंग आवाज खाली आणून म्हणाला, "मॅडम, उगाच खोलात कशाला जायचं? सावनीचं कळलं मला. तिला इथेच बोलवा. कॉलनीतलं हॉस्पिटल बघा एकदा, पुण्यात नाही असं. प्रसूतीच्या खोलीत भिंतभर तुमच्या मालवणच्या घराचं चित्र लावू. समुद्राची गाज लावू. तिला वाटेल, माहेरीच आलेय."

चारुशीलाने त्याच्याकडे पाहिलं. तो चेष्टा करत नव्हता. तो मनापासून सोय करत होता, आणि तिला अंगावर पाल पडल्यासारखं झालं.

"सारंग," ती इतकी हळू म्हणाली की त्याला पुढे वाकावं लागलं, "बाईला काय वाटेल एवढीच काळजी तुम्हा लोकांना. तिचं पोर जगेल का, ही नाही."

तिने वासमापकाची नळी कालव्यात सोडली. पडद्यावर जलाशयातल्या कुजलेल्या गाळाचा वास उमटला, सिमेंटचा चुना उमटला, आणि त्या सगळ्याच्या वर एक उंच, अणकुचीदार शिखर उभं राहिलं. ते शिखर तिच्या ओळखीचं होतं. धरण भरायच्या आधी, वरच्या ओढ्यावरच्या देवाच्या डोहातून तिने पाण्याचे नमुने घेतले होते, तेव्हा ते पहिल्यांदा दिसलं होतं. ते कशाचं, हे तिला कधीच उलगडलं नव्हतं. तिने ते जसंच्या तसं घडवून कुपीत घातलं होतं, कारण ते वगळलं की सोनशी वळतच नसत. आता डोह बुडाला होता, कुपी कोरडी होती. मग हे आलं कुठून?

कालव्याच्या दुसऱ्या टोकाकडून काठीचा आवाज आला.

एक म्हातारी सावकाश चालत येत होती. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, पाठीला टोपली. ती कठड्याशी बसली, टोपलीतून पिठाचे छोटे गोळे काढले, एकेक कपाळाला लावला आणि पुटपुटत पाण्यात सोडू लागली. एक गोळा तिने मुठीतच धरून हात पाण्यात घातला. सोनशी तिची बोटं चोखू लागल्या आणि ती लहान पोरीसारखी हसली.

"ही ल्हामो आजी," सारंग कुजबुजला. "बुडालेल्या गावातली. कॉलनीत घर दिलंय. निरुपद्रवी आहे."

चारुशीला म्हातारीजवळ जाऊन बसली. दोघींचं हिंदी मोडकंच, पण एकमेकींना पुरणारं.

"आजी, हे पीठ कसलं?"

"सातूचं. गरम वाळूत भाजायचं, मग दळायचं. आमच्या डोहावर हा नेम माझ्या सासूचा, तिच्या सासूचा. आधी देवाचे मासे जेवणार, मग घरात चूल पेटणार." ल्हामोने पाण्याकडे तोंड केलं. "डोह बुडाला तेव्हा मला वाटलं, नेम तुटला आता. मग इथे येऊन सहज एक गोळा टाकला, तर आले! मला दिसत नाही, पण बोटांना कळतं. खूप आहेत ना गं? गाव गेलं, देऊळ गेलं, पण देव माझ्या मागे मागे खाली आला."

चारुशीलाने एक गोळा मागून घेतला, नळीच्या टोकाशी धरला. पडद्यावर तेच शिखर उभं राहिलं, एकटं आणि उंच.

म्हणजे ते ओढ्याचं नव्हतंच. ते भाजलेल्या सातूचं होतं. कित्येक पिढ्या डोहात रोज पडलेल्या नेमाचा तो वास होता, आणि सोनशींची पिल्लं तो नाकात घेऊन खाली जात होती. धरणाखालच्या शेवटच्या वळणावर मुख्य धार, जिना आणि कालवा या तीन तोंडांतून निवड करताना त्या तो वास शोधत होत्या. आणि तो त्यांना सापडत होता, या सिमेंटच्या भट्टीत. या म्हातारीच्या प्रेमळ हातांतून.

कंपनीने म्हातारीला फसवलंही नव्हतं, वापरलंही नव्हतं. तिच्याकडे कुणी बघितलंच नव्हतं. तिच्या नेमावर आलेले मासे यंत्राच्या नावावर मोजले, यंत्रही बंद ठेवलं, आणि त्या आकड्यांवर तीन देश कलम खोडायला निघाले होते.

हे हिला सांगायचं कसं? न सांगितलं तर उद्या सकाळी ती पुन्हा येणार. सारंगने मान हलवून नको नको अशी खूण केली. त्याच्या डोळ्यांत काळजी होती, पण ती म्हातारीची नव्हती.

चारुशीलाने ल्हामोचा हात धरला आणि तो वरच्या कोरड्या गोट्यांवर नेला. बोटांना फटीतले दाणे लागू दिले. ल्हामोने दाणे चिमटीत धरले, चोळले, नाकाशी नेले. हसू हळूहळू पुसत गेलं.

"किती आहेत असे?"

"सगळ्या काठाने."

"माझ्या हाकेला आल्या होत्या?"

"हो, आजी."

ल्हामो रडेल असं चारुशीलाला वाटलं होतं. ती रडली नाही. तिने टोपलीतलं उरलेलं पीठ पदरात बांधून घट्ट गाठ मारली, काठीवर जोर देऊन उभी राहिली आणि सारंगच्या दिशेने तोंड करून आपल्या भाषेत असं काही बोलली की त्याने दोन पावलं मागे घेतली. मग चारुशीलाला म्हणाली, "वर जायची दुसरी वाट आहे?"

"जिना आहे. पण कोरडा."

"तिथे ने मला."

जिन्याच्या तळाशी वाळलेलं शेवाळ पापडासारखं सुटलं होतं. ल्हामो सगळ्यांत खालच्या पायरीवर बसली. "इथे पाणी आलं की इथून गोळा टाकीन. मासे जेवले की मी जेवीन."

"आजी, पाणी कधी येईल ते माझ्या हातात नाही."

"मी तुला कुठे मागतेय? माझा नेम आहे, मी बसलेय. सासू म्हणायची, सातू संपला तर उपाशी झोप, पण माशांच्या आधी जेवू नकोस."

चारुशीलानेही त्या दिवशी अन्नाला शिवलं नाही. तिने कुणाला ते सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी प्रतिनिधी आले. खालच्या देशाच्या फिरदौसी हक, उंच, सडसडीत, रोखठोक बाई. वरच्या देशाचे कर्मा वांग्दी, अबोल. आणि भारताचे बात्रा साहेब, ज्यांना परतीचं विमान गाठायचं होतं. ठराव मंजूर व्हायला तिघांपैकी दोघांची संमती लागे.

सारंगने कालव्याकडे हात केला आणि त्याचा हात हवेतच राहिला. कालवा रिकामा होत चालला होता. ल्हामोने आदल्या सकाळी पीठ आवरतं घेतलं होतं, आणि त्या सकाळी एकही गोळा पडला नव्हता. पाण्यातला उरलासुरला वास वाहून गेला तशा सोनशी बाहेर निघाल्या होत्या. पोटं फुगलेल्या, थकलेल्या, त्या धरणाच्या भिंतीला समांतर गोलगोल फिरत होत्या. मधूनच एखादी उसळी मारून काँक्रीटवर आपटायची. आवाज ओल्या कपड्यासारखा यायचा, धप्प, धप्प. आणि गोंधळून कालव्यात डोकावून परत जाणाऱ्या प्रत्येक मासळीला आकडायंत्र नव्याने मोजत होतं. बाहेर जाणारी मासळी मोजणं त्याला शिकवलंच नव्हतं. कालवा ओस पडत होता आणि आकडा वाढत होता.

"काय हो हे?" फिरदौसी हक यांनी यंत्राकडे बोट दाखवलं. "आमच्याकडे तीन हंगाम जाळ्यात एक पिल्लू नाही. आमच्या कोळणी मला विचारतात, बाई, तुमच्या कागदात मासे आहेत, मग पाण्यात का नाहीत? मी त्यांना काय दाखवू, हे यंत्र?"

चारुशीलाने सगळं सांगितलं. कोरडी कुपी, सातूचं पीठ, वाळलेली अंडी. तिने ओंजळीत ते दाणे आणले होते. बात्रा साहेबांपुढे ओंजळ धरली तर त्यांनी रुमाल काढला.

"डॉक्टरसाहेबा, भावना समजतो," ते म्हणाले. "पण करारात परत आलेले मासे असं म्हटलंय. परत आलेत. आता त्यांनी तिथे काय करायचं हे करार कसं ठरवणार? शिवाय संध्याकाळच्या विजेची मागणी..."

"बात्रा साहेब," चारुशीला म्हणाली. सगळे थांबले, कारण तिचं बोलणं जेमतेम ऐकू येत होतं. "पोटुशी बाई शेकडो कोस चालत माहेरी आली. तुम्ही दार लावून घेतलंत, बाहेर अंगणात माहेरच्या मसाल्याचा वास सोडलात, ती तिथेच बाळंत झाली, पोर उन्हात मेलं. आणि तीन देशांची शहाणी माणसं बसून लिहितायत, लेक सुखरूप पोचली. या कागदावर माझं नाव येणार नाही. ते यंत्र माझं आहे. त्याची लाज वाटायची पाळी माझ्यावर आणलीत, एवढं पुरे."

बात्रा साहेबांनी घड्याळाकडे पाहिलं. "ठीक आहे. जिन्याला पाणी द्यावं, या बाजूने कोण?"

फिरदौसी हक यांचा हात आधीच वर होता. सगळ्यांनी वांग्दींकडे पाहिलं. वरचा देश वीज विकून चालत होता. काय म्हणायचं ते त्यांना निघतानाच सांगितलेलं असणार, हे चारुशीलाला ठाऊक होतं.

वांग्दी जिन्याकडे चालत गेले. तळाच्या पायरीवर ल्हामो भिंतीला टेकून बसली होती, ओठ सुकलेले. ते तिच्यासमोर उकिडवे बसले. दोघं आपल्या भाषेत बोलली. चारुशीलाला नंतर कळलं, बोलणं एवढंच होतं.

"आजी, काही खाल्लं?"

"मासे जेवले की."

"कालपासून?"

"तू कुठल्या घरचा? तुझ्या घरी आधी जेवतात का देवाच्या?"

वांग्दी उठले. "वरच्या देशाची संमती," ते म्हणाले. "वीज कमी पडली तर आमच्या वाट्यातून कापा."

"अहो, पण हे लेखी..." बात्रा साहेब म्हणाले.

"लेखी नंतर. म्हातारी जेवायची आहे."

झडप उघडायला सारंग स्वतः गेला. का गेला, कुणास ठाऊक. कदाचित नोकरी म्हणून, कदाचित त्याला तिथे उभं राहवेना म्हणून. वरून गडगड आवाज झाला आणि पाणी एकेक पायरी भिजवत खाली आलं. वाळलेलं शेवाळ तरंगून वाहून गेलं. ल्हामोच्या पायांना पाणी लागलं तेव्हा तिने पदराची गाठ सोडली, गोळा वळला, कपाळाला लावला आणि सोडला.

काही झालं नाही. तिने दुसरा सोडला. भिंतीकडून धप्प, धप्प येतच होतं. मग तो आवाज हळूहळू थांबला. ल्हामोने पाण्यात हात घातला, डोळे मिटले, आणि म्हणाली, "आली."

पहिली सोनशी तिच्या हाताला अंग घासून गेली, पहिल्या पायरीवर उसळली, घसरली, पुन्हा उसळली, आणि चढली.

फिरदौसी हक मोठ्याने काहीतरी ओरडल्या. बात्रा साहेबांनी तोंड फिरवून चष्मा पुसला. ल्हामोने टोपलीच्या तळातून शिळ्या भाकरीचा तुकडा काढला, अर्धा मोडून चारुशीलापुढे धरला. "तू पण उपाशीच आहेस. आवाजावरून कळतं."

पण जिना म्हणजे अर्धीच वाट. वर जलाशयाचं मेलेलं पाणी होतं, आणि त्यावर वासाची वाट आखायला चारुशीलाशिवाय कुणाला येत नव्हतं. सातूचं पीठ आता वरच्या देशाच्या खेड्याखेड्यांतून येणार होतं, भरायच्या कुप्या भारतातून आणि नावा चालवायला फिरदौसींच्या मुलखातले कोळी. तिन्ही देश पहिल्यांदा खरोखर एका कामाला लागले होते. ते काम हंगामभर चालणार होतं.

तिने सावनीला फोन केला. "बाळा, मला येता येणार नाही."

पलीकडून "बरं," एवढंच. तो एकच शब्द चारुशीला कितीतरी दिवस छातीवर दगडासारखा घेऊन हिंडली. नावेत बसली की वाटे, आपण जगाच्या लेकींना पोचवतोय आणि आपली लेक दाराशी उभी आहे.

एकदा सारंग कुप्या द्यायला नावेपर्यंत आला. "मॅडम, आमच्या वरच्या लोकांनी सांगायला सांगितलंय. परवानगी एकाच हंगामाची आहे. पुढच्या वर्षी परत आकड्यांवरच..."

"असं?" ती म्हणाली. "मग त्यांना विचारून ठेव. पुढच्या वर्षी पायरीवर ल्हामो आजी एकटी बसेल असं त्यांना वाटतं का? शेजारी मी असेन. खालच्या कोळणी येणार आहेत, त्यांनी फिरदौसींना आजच कळवलंय. तुला बसायचं असेल तर जागा ठेवू."

जाताना सारंगने एक कुपी स्वतः उचलून नावेत ठेवली.

शेवटच्या कुपीपाशी जलाशय संपत होता आणि ओढा सुरू होत होता. पाणी गोट्यांवरून खळखळत उतरत होतं. ल्हामो काठावर बसली होती, तिथे आता तिने तीन दगड रचून देऊळ केलं होतं. चारुशीला गुडघाभर पाण्यात उभी होती आणि तिच्या पोटऱ्यांमधून सोनशी वर जात होत्या. तेवढ्यात कमरेला खोचलेला फोन वाजला. चित्रात सावनीचा घामेजला, दमलेला चेहरा होता, आणि तिच्या मागे मालवणच्या घराची ओळखीची निळी भिंत.

"सावनी? तू आत कशी?"

"दगडाने कुलूप तोडलं," सावनी म्हणाली. "सासूबाई आणि मी, दोघींनी मिळून. वाट अडवली तर काय करायचं, ते बातम्यांत बघितलं ना मी, माझ्याच आईकडून." ती दमून हसली. काखेत गुंडाळलेलं काहीतरी किंचित हललं. "मुलगी झाली. पहाटे, तुझ्याच खोलीत. आणि रागवू नकोस, मी अजून रागावलेलीच आहे. पण आधी सांग, पोचल्या का तुझ्या?"

चारुशीलाने फोन खाली, पाण्याकडे वळवला, म्हणजे लेकीला आणि नातीला दिसावं.

"पोचतायत," ती म्हणाली. या वेळी तिचा आवाज दोन्ही काठांना ऐकू गेला.